त्रेचाळिसावं बाळ

आमच्या डोंगरातल्या चिल्कापाता गावातून खाली लिमाला, राजधानीला, जायला दोन वाटा आहेत. एक डोंगर ओलांडून बसने, वीस-बावीस तासांची. दुसरी हुलियाकाहून विमानाने, दीड तासाची. मोठ्या माणसाने कोणत्याही वाटेने जावं. पण अंगावरचं बाळ न्यायचं असेल, तर आमच्याकडे कुणी वाट विचारत नाही. देमेत्रिया लारिको घरी आहे का, एवढंच विचारतात.

तिचं घर तळ्याच्या काठाला, लव्हाळी जिथे सगळ्यात दाट आहेत तिथे आहे. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, रुंद पाठीची बाई. नऊ मेंढ्या, एक गाय, आणि गुरुवारच्या बाजाराला नेण्यापुरतं चीज. डोक्यावर काळी गोल टोपी असते, ती विमानातही उतरवत नाही. तिच्या पाठीला बांधायची चादर इतकी वापरलेली आहे की मधले लाल पट्टे गुलाबी झालेत.

आमच्या गावची बाळं सतत वर-खाली होत असतात. पोरी लिमाला शिवणकामाला जातात, तिकडेच बाळंत होतात, आणि मशीन चालवता यावी म्हणून बाळ वर आजीकडे पाठवतात. मग कधी खोली मिळते, कधी सांभाळणारी बाई मिळते, आणि बाळ पुन्हा खाली जातं. अकरा वर्षांपूर्वी संपात लोकांनी रस्त्यावर दगड टाकले, बस बंद झाली, आणि तापाने फणफणलेल्या भाचीला घेऊन देमेत्रिया पहिल्यांदा विमानात चढली. अर्धा गाव बघायला गेला होता. परत आली तेव्हा तिच्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं की पुढचं बाळ तिच्याकडेच आलं. त्यानंतरचंही. यंदाच्या जूनपर्यंत तिने बेचाळीस बाळं पोचवली होती. एकही रस्त्यात आजारी पडलं नव्हतं. हे ती स्वतः सांगायची, आणि ऐकणाऱ्याने मान हलवेपर्यंत थांबायची.

त्रेचाळिसावं बाळ म्हणजे पाउलिनाची नात, आनेली. चौदा महिन्यांची. आई लुर्देस तिला चार महिन्यांची असताना आजीपाशी सोडून लिमाला परतली होती. आता लुर्देसला खोली मिळाली होती, जिन्याखालच्या शेजारणीने दिवसा मूल सांभाळायचं कबूल केलं होतं, आणि तिला आपली मुलगी हवी होती. पाउलिनाचे गुडघे गेलेले. तेव्हा आदल्या दिवशी ती बाळाचं गाठोडं घेऊन देमेत्रियाच्या अंगणात आली.

देमेत्रियाने गाठोडं सोडलं आणि कपाळावर हात मारला.

"पाच स्वेटर? पाउलिना, पोरीला लिमाला पाठवतेयस, का बटाट्यांबरोबर गोठवायला रानात ठेवतेयस?"

"थंडी आहे ना गं."

"थंडी इथे आहे. तिथे उतरल्यावर उकडून निघेल पोर. दोन ठेव, वरचं पुढून उघडणारं हवं, एकेक करून काढता येईल असं. आणि एक पोलकं दे."

"हिला पोलकं?"

"मला! बाळ स्वतःच्या अंगावर ओकत नाही, धरणारीच्या अंगावर ओकतं. बाळाचे कपडे सगळ्या घेतात, स्वतःचं कुणी घेत नाही. मग दीड तास आंबट वासात बसायचं. शेजारचा तोंड फिरवतो, आणि बाळाला वाटतं सगळं जग आपल्यावर रुसलंय."

देमेत्रियाने एका मोठ्या रुमालाला सात गाठी मारल्या. एकीत लाकडी चमचा, एकीत रिकामं रीळ, एकीत लोकरीचा मोठा गोंडा. "एका वेळी एकच गाठ सोडू द्यायची," ती म्हणाली. "सगळी खेळणी एकदम दिली तर विमान धावपट्टीवर असतानाच संपतात." दुधाच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या. विमान नाक वर करतं तेव्हा एक, कारण तेव्हा बाळाने गिळत राहिलं नाही तर कान दुखतात. पोट खाली घेतं तेव्हा दुसरी, आणि तीही कमी पडली तर चघळायला किन्वाचा उकडलेला मुटका, आमचा किस्पिन्यो. "उडायच्या आधीच बाटली पाजून मोकळी झालीस तर वर काय देशील? अंगठा?" रांगेत पहिलं घुसायचं नाही, शेवटी चढायचं, कारण बंद विमानात बसून बाळ नुसतं पेटतं. बाळाचं ओळखपत्र आणि आईचं नोटरीपुढचं संमतीपत्र पोलक्याच्या आत, छातीशी. पिशवीत नाही. पिशवी वर फळीवर जाते, आणि कागद नेमका तेव्हाच मागतात.

आणि शेवटचा नियम. तो तिने केलेला नाही, आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. लहान बाळाचा अजायु, म्हणजे आतला जीव, अंगाला अजून घट्ट चिकटलेला नसतो. बाळ जिथे टेकतं, झोपतं, दचकतं, तिथेच तो रेंगाळतो. म्हणून बाळाला घेऊन कुठूनही उठताना नाव घेऊन हाक मारायची. चल आनेली, मागे राहू नकोस. हाक राहिली तर बाळ पुढे येतं आणि अजायु तिथेच बसून राहतो. मग बाळ खात नाही, हसत नाही, घाबरून रडतं. अकरा वर्षांत देमेत्रियाने एका खुर्चीवरूनही हाक न मारता बाळ उचललं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती निघाली. एरवी ती बाळ आईच्या हातात द्यायची आणि दुपारच्याच विमानाने परत यायची, मेंढ्या संध्याकाळी तिच्याच हातून आत जायच्या. या वेळी दुपारचं विमान भरलेलं होतं. परतीचं तिकीट सोमवारचं मिळालं. तीन दिवस लिमात काय करायचं म्हणून ती कुरकुरत होती.

पुढचं तिने मला इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या क्रमाने सांगितलंय की मी माझ्या परीने सरळ लावून सांगतो.

विमानात तिच्या शेजारी एक कोवळं जोडपं बसलं होतं, पाच महिन्यांचा मुलगा घेऊन. सासरी बाळ दाखवायला आले होते आणि लिमाहून दुसऱ्या विमानाने त्रुहिल्योला घरी जाणार होते. मुलाचं नाव थिआगो. थिआगो मुठी आवळून, पाठीची कमान करून, लालभडक होऊन ओरडत होता. त्याची आईही रडत होती. बाप फोनमध्ये बाळाचं रडणं थांबवायचे उपाय शोधत होता.

"अहो बाबा, तो फोन ठेवा आणि हे दुपटं धरा," देमेत्रिया म्हणाली. "आणि तू, पोरी, आधी त्याचं टोपरं काढ. भाकरीसारखा भाजतोय तो. आता पाज. नाही, आत्ता नाही! विमान हलू दे. हां, आता. थिआगो, ए थिआगो, घे बाळा. बघ कसा ओढतोय, थिआगो!"

तिच्या मांडीवरची आनेली गप्प होती. पहिली गाठ सोडून चमचा काढला, तो चाटत पंखाकडे बघत बसली. तिच्यात काही करण्यासारखं नव्हतंच. थिआगोमध्ये होतं. दीड तास देमेत्रियाने त्या दोघांना शिकवलं, डायपर बदलायला लावलं, स्वतःच्या रुमालातली दुसरी गाठ त्याच्यापुढे नाचवली. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "मावशी, तुम्हाला विमानातच नोकरीला ठेवायला हवं." देमेत्रियाने टोपी सरळ केली.

विमान थांबलं. लोक उठले. थिआगोची आई म्हणाली, "मावशी, दारापर्यंत बरोबर चला ना." देमेत्रियाने आनेलीला पाठीला बांधलं, त्यांची एक पिशवी हातात घेतली, आणि उठता उठता खुर्चीकडे बघून, सवयीने, मोठ्याने म्हणाली, "चल थिआगो, मागे राहू नकोस!"

"आला, मावशी!" थिआगोची आई हसली. देमेत्रियाही हसली. आणि सगळे उतरले.

लुर्देस दाराशी फुगा घेऊन उभी होती. आनेलीने तिच्याकडे पाहिलं ते झाडाकडे बघावं तसं. लुर्देसने हात पुढे केले, तर तोंड चादरीत खुपसलं.

"लाजते," लुर्देस म्हणाली.

"लाजते," देमेत्रियाही म्हणाली. "घरी चल. खाल्लं की लाज जाते."

लुर्देसची खोली टेकडीवर, पिवळ्या रंगवलेल्या पायऱ्यांच्या टोकाला. एक पलंग, एक शिलाई मशीन, खिडकीबाहेर लिमाचं ते करडं आभाळ, पाऊसही नाही आणि ऊनही नाही. लुर्देसने भोपळ्याचा लगदा केला होता. आनेलीने तो थुंकला. देमेत्रियाने भरवला, तोही थुंकला. गावात ही पोर एका बैठकीत वाटीभर किन्वाची पेज संपवून कोंबड्यांच्या दाण्यांकडे हात करायची. आता तिने मुठी आवळल्या, पाठीची कमान केली आणि लालभडक होऊन ओरडायला लागली.

देमेत्रियाच्या हातातला चमचा तिथेच राहिला. असं रडताना तिने सकाळीच कुणाला तरी पाहिलं होतं.

ती पलंगावर बसली आणि बोटांवर मोजायला लागली. घरातून उठताना हाक मारली. गाडीतून उतरताना मारली. तपासणीच्या टेबलापाशी मारली, शिपाई बघतच राहिला होता. विमानातून उठताना...

"काय झालं, मावशी?" लुर्देसने विचारलं.

"काही नाही," देमेत्रिया म्हणाली. आयुष्यात इतकं खोटं ती क्वचितच बोलली असेल.

शनिवारी सकाळपर्यंत आनेली दोन घोट दूध आणि पाणी, एवढ्यावर होती. झोपली तीही देमेत्रियाच्या पाठीवरच. लुर्देस जवळ आली की किंचाळायची. सोमवारपासून लुर्देसला कामावर जायचं होतं, आणि आनेलीला जिन्याखालच्या शेजारणीकडे. तोवर पोर आईकडे गेली नाही, जेवली नाही, तर सोमवारच्या तिकिटावर देमेत्रियाच्या मांडीवर बसून ती परत वर येणार, हे कुणी बोललं नव्हतं, पण खोलीतल्या दोघींनाही ठाऊक होतं. लुर्देसने भिंतीला लावलेला लहान मुलांचा कागद, त्यावरची पिवळी बदकं, तीही जणू वाट बघत होती.

त्या दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिने कानात दिवा घालून पाहिलं.

"एक कान लाल आहे. थेंब देते, पाच दिवस घाला."

"म्हणजे कानामुळे खात नाही?" देमेत्रियाने आशेने विचारलं.

"असेल. किंवा नसेल. जागा बदलली, हवा बदलली, माणसं बदलली. वेळ द्या. दूध-पाणी पीत राहिली तर घाबरू नका. तेही सोडलं तर ताबडतोब घेऊन या."

"किती वेळ द्यायचा?"

"ते सांगता येत नाही, बाई."

"तुम्हालाही?" देमेत्रिया म्हणाली.

दुपारी तिने गावात पाउलिनाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पाउलिना फोनचा आवाज मोठा करून तशीच लंगडत मेलिटोन आजोबांच्या अंगणात गेली. ज्यांचा अजायु हरवतो त्यांना तेच परत बोलावून देतात. आम्ही तिघे-चौघे तिथे भिंतीला टेकून उन्हात बसलो होतो, त्यामुळे हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"कुठे राहिला अजायु?" आजोबांनी विचारलं.

"विमानात," देमेत्रियाचा आवाज आला. "उठताना हाक मारली, पण ती दुसऱ्याच्याच पोराला."

"का?"

"तोंडात तेच नाव होतं, आजोबा. सकाळपासून त्याच्याच मागे होते."

"मग विमान कुठेय आता?"

"कोण जाणे! इकितोसला असेल, पिउराला असेल. दिवसात चार-चार गावं फिरतं म्हणे."

आजोबांनी कोकाची पानं गालाच्या दुसऱ्या बाजूला सारली. "मग ती जागा नव्हे. जागा म्हणजे जिथे परत जाता येतं ती."

"जागा कशी नाही? मी बसले होते तिथे. खुर्चीला नंबर होता."

"घोड्यावर बसून बाजाराला गेलीस, तर घोडा जागा होतो का?"

"नाही."

"मग झालं."

"पण घोड्याला नंबर नसतो, आजोबा."

आजोबा विचारात पडले. असं त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात पाउलिना फोनवर ओरडली, "आणि त्या पोराचं काय? तू त्याला हाक मारलीस, तो आमच्या आनेलीच्या मागे आलाय का? तूच म्हणालीस, त्याच्यासारखी रडते!"

"आला असेल," आजोबा म्हणाले, "तर त्रुहिल्योत एक पोरगं सध्या अगदी शहाण्यासारखं चमचा चाटत बसलं असेल." आम्ही हसलो. पाउलिनाने आमच्याकडे असं पाहिलं की पुन्हा हसलो नाही.

शेवटी आजोबांनी सांगितलं ते असं. विमान फिरो कुठेही, लिमात उतरलेली माणसं एकाच दारातून बाहेर येतात. त्या दाराशी आनेलीची कानटोपी घेऊन जायचं आणि हाक मारायची. पण या वेळी देमेत्रियाने नाही. जिचं मूल आहे तिने.

रविवारी सकाळी दोघी विमानतळावर गेल्या. बसमध्ये लुर्देस म्हणत होती, "मावशी, कामावरच्या कुणी पाहिलं तर काय म्हणतील? दुसऱ्यांच्या दारात उभी राहून टोपीला हाका मारते!" पण त्या दाराशी गेल्यावर काळजीचं कारण उरलं नाही. तिथे सगळेच हाका मारत होते. कुणी मामाला, कुणी नवऱ्याला, एक म्हातारी तर येणाऱ्या प्रत्येकाला "रोलांदो!" म्हणत होती आणि माफी मागत होती.

देमेत्रियाने सवयीने आधी स्वतःच तीनदा हाक मारली. पाठीवरची आनेली एका लाल बॅगेकडे बघत राहिली.

"आता तू," देमेत्रिया म्हणाली.

लुर्देसने कानटोपी हातात घेतली, आणि नुसती उभी राहिली.

"मार ना गं हाक. चल आनेली, मागे राहू नकोस. एवढंच."

"मी नाही म्हणू शकत."

"लाजतेस कसली? बघ ती म्हातारी."

"लाज नाही, मावशी." लुर्देस टोपीकडे बघत होती. "चार महिन्यांची असताना मीच तिला मागे ठेवून आले. मी कोणत्या तोंडाने म्हणू, मागे राहू नकोस?"

देमेत्रिया मला म्हणाली, "मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, विमान अजून उतरलंच नाही, मी अजून वरच कुठेतरी आहे."

मग लुर्देसने हाक मारली. पहिली इतकी हळू की टोपीलाही ऐकू गेली नसेल. दुसरी जराशी मोठी. मग ती थांबेचना. ट्रॉल्या ढकलणारी माणसं वळून वळून बघायला लागली, ती रोलांदोवाली म्हातारी गप्प झाली, आणि लुर्देस रडत रडत आनेली, आनेली, आनेली म्हणत राहिली. देमेत्रियाच्या पाठीवर आनेलीने मान वळवली, त्या बाईकडे क्षणभर पाहिलं, आणि भोकाड पसरलं.

"आला का, मावशी?" लुर्देसने नाक पुसत विचारलं.

"आला असेल," देमेत्रिया म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं.

घरी आल्यावरही पोरीने भोपळा थुंकला.

दुपारी देमेत्रिया पिवळ्या पायऱ्यांवर जाऊन बसली. बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. बेचाळीस बाळं तिने पोचवली होती. आईच्या हातात दिली, पाणी प्यायली, आणि दुपारच्या विमानाने परतली. दुसऱ्या दिवशी त्या बाळांचं काय झालं, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

तिने नोर्माला फोन लावला. नोर्माचा मुलगा तिने चार वर्षांपूर्वी आणला होता.

"मावशी! लिमात आहात? घरी या ना!"

"येईन. आधी एक सांग. मी तुझा मुलगा तुझ्याकडे सोडला, त्यानंतर तो रडला का गं?"

पलीकडे मशीनचा आवाज थांबला. "अकरा दिवस, मावशी."

"काय?"

"अकरा दिवस रडला. पहिले चार दिवस नुसतं पाणी. माझ्याकडे यायचाच नाही. दाराकडे तोंड करून तुम्हाला हाका मारायचा, आईला नाही, आजीला नाही, तुम्हाला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही इतक्या मायेने आणलंत, इतक्या खुशीत गेलात. आणि खरं सांगू, माझं पोर माझ्याकडे येत नाही, हे मी कुणाला सांगणार होते?"

"पण मी त्याला सगळीकडून हाक मारली होती, नोर्मा. एकही खुर्ची सोडली नव्हती."

"मारली असेल हो, मावशी."

देमेत्रियाने आणखी दोघींना फोन केला. एकीचं पोर पाच दिवस रडलं होतं. दुसरीचं रडलंच नव्हतं, हसत आईच्या कडेवर गेलं होतं. त्या पोराची खेप देमेत्रियाला चांगली आठवत होती, कारण तेव्हा विमानात धक्के बसले होते आणि तिला उलट्या झाल्या होत्या, आणि उतरताना हाक मारली की नाही, हे तिला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

अंधार पडायच्या सुमाराला लुर्देस बाहेर आली. शेजारी पायरीवर बसली. "मावशी," ती म्हणाली, "उद्या तिला परत न्या."

देमेत्रिया मांडीवरच्या चादरीची घडी घालायला लागली.

"तिकडे ती खाते. माझी आई खूश होईल. मी पुढच्या वर्षी बघीन."

"पुढच्या वर्षी आणली तरी रडेल. तेव्हा शब्दांनी रडेल, आणि तिला सगळं आठवेलही." देमेत्रियाने नोर्माचं सगळं सांगितलं, अकरा दिवसांचं.

"आणि बाराव्या दिवशीही आली नाही माझ्याकडे, तर?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही गं बाई," देमेत्रिया म्हणाली. "मला या पुढचं काही म्हणजे काही माहीत नाही. कान लाल आहे, तो खरा आहे. हाक चुकली, तीही खरी. आणि मी इथे बसलेय तोवर ती तुझ्याकडे बघणार नाही, असं मला आज वाटायला लागलंय. यातलं कोणतं खरं कारण, ते माझ्या डोक्यात बसत नाही. तू ठरव. तुझी आहे ती."

लुर्देस कितीतरी वेळ पायरीचा पिवळा रंग नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही एकट्या जा."

सोमवारी पहाटे शेजारीण म्हणाली, बाळ झोपेत आहे तोवर निसटा. लुर्देसला वाटलं, ते बरं नाही. देमेत्रियाला दोन्ही पटलं आणि दोन्ही नाही पटलं. शेवटी ती आनेली उठेपर्यंत थांबली, तिचं तोंड धुतलं, कानात थेंब घातले, आणि तिला लुर्देसच्या हातात दिलं. आनेलीने देमेत्रियाची वेणी पकडली. एकेक बोट सोडवावं लागलं. मग देमेत्रिया पायऱ्या उतरायला लागली, मागून ते रडणं तिच्याबरोबर पायरीपायरीने उतरत होतं. जागेवरून उठताना नाव घ्यायची अकरा वर्षांची सवय. नाव ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं तर पोरीचं जे काही तिथे होतं नव्हतं ते तिच्यामागून गावाला आलं असतं. तिने चादरीची कड दातांत धरली आणि खालपर्यंत गेली.

परतताना विमानात तिची मांडी नेहमीच रिकामी असायची. या वेळी मात्र हात कुठे ठेवावेत ते कळेना. उतरताना तिचेच कान असे दुखले की डोळ्यांत पाणी आलं. एरवी परतताना ती बाळाचा उरलेला मुटका चघळत यायची, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

गावात पाउलिना तिच्याशी बोलेना. मेलिटोन आजोबा रोज विचारायचे, "खाल्लं का?" आणि देमेत्रिया रोज नाही म्हणून मान हलवायची. मंगळवार, बुधवार, गुरुवार. बाजाराला चीज न्यायचंही तिने टाळलं.

शुक्रवारी दुपारी पाउलिनाचा फोन वाजला. पाउलिना तो कानाला धरून तशीच अंगणात आली. "खाल्लं!" ती ओरडली. "अर्धी वाटी भात आणि अंड्याचा पिवळा बलक!"

सगळे जमले. पाउलिना म्हणाली, मी संताला मेणबत्ती लावली होती, त्याचं फळ. आजोबा म्हणाले, हाकेला पोचायला दिवस लागतात, विमान किती गावं फिरलं असेल. कुणीतरी म्हणालं, पाच दिवसांचे थेंब परवाच संपले असतील, कान बरा झाला. सगळ्यांनी देमेत्रियाकडे पाहिलं.

"सगळं एकदमच झालं," ती म्हणाली. "आता श्रेय कुणाला देऊ?" आणि तिने फोनसाठी हात पुढे केला.

"लुर्देस, कुणाच्या हातून खाल्लं?"

"माझ्या, मावशी. आधी माझं बोट चावली, मग खाल्लं."

"रडते?"

"रडते. पण आता रडताना माझं पोलकं धरते. मावशी, तुमच्याशी बोलायचंय तिला, फोन तिच्या कानाला लावू?"

देमेत्रियाने तळ्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, आता ती पोरीला हाक मारणार.

"नको," ती म्हणाली. "आणि थोडे दिवस तिच्यासमोर माझं नाव काढू नकोस."